छत्तिसावा माणूस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकूंनी नऊ नंबरच्या खोलीचं दार तिसऱ्यांदा वाजवलं.

आतून ओ नाही. हातातला चहा निवत चालला होता. काकूंनी दार ढकललं. ते नुसतंच लोटलेलं होतं.

नऊ नंबरचा रहिवासी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडला होता. तोंडातून लाळ, घशातून घरघर, अंग गार. काकूंनी हाका मारल्या, खांदा गदागदा हलवला. मग पेला तिथंच टेकवून त्या ओरडतच जिना उतरल्या.

साडेसातला रुग्णवाहिका गेली. सात पस्तीसला समोरच्या विश्रामगृहात उतरलेल्या तपासणीबाईंचा फोन वाजला.

"मॅडम, जरा गडबड झालीय." संस्थेचे सर बोलत होते. "नऊ नंबरमधला आमचा कप्तान बेशुद्ध सापडला. गोळ्या जास्त खाल्ल्या असणार. पण तुम्ही काळजी करू नका, कालची तुमची पाहणी तर व्यवस्थित झालीय."

"जिवंत आहे का?"

"आहे. आत्ता तरी आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

त्या अनुदान देणाऱ्या मंडळाच्या तपासनीस. वय चोपन्न. दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्यात सव्वीस वर्षं गेलेली. या संस्थेला मंडळानं तीन वर्षांसाठी निधी मंजूर केला होता. रस्त्यावर राहणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना आधी स्वतःची खोली द्यायची, उपचार त्यानंतर, असं ते काम. जुन्या लॉजची तीन मजली इमारत, चाळीस खोल्या, चाळीस माणसं.

निधीला एक अट होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीला चाळीसपैकी निदान छत्तीस जण खोलीत आणि उपचारात टिकलेले दिसले पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी पुढची दोन वर्षं रद्द. आकडा फुगवायला ऐनवेळी नवी माणसं भरू नयेत, म्हणून शेवटचे तीन महिने नवा प्रवेश बंद.

ही अट तपासणीबाईंनीच लिहिली होती. बैठकीत तिचं कौतुकही झालं होतं.

काल, मंगळवारी दुपारी, त्यांनी खोल्याखोल्यांतून फिरून माणसं मोजली. छत्तीस भरली. बरोब्बर छत्तीस. आज चार वाजता मंडळासमोर अहवाल ठेवायचा होता. तो लिहून तयार होता.

नऊ नंबरच्या खोलीत हवालदार आधीच येऊन बसला होता. खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून तो पंचनामा उरकत होता.

"डोक्यानं अधू माणूस. गोळ्या खाल्ल्या. यात शोधायचं काय, मॅडम?"

"किती खाल्ल्या?"

हवालदारानं पेन थांबवलं. "ते काही माहीत नाही बुवा."

काल बाई या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. "ठीक आहात ना?" असं विचारलं होतं, पलंगावरच्या दाढीवाल्या माणसानं "हो" म्हटलं होतं, आणि त्यांनी यादीवर खूण करून पुढचं दार गाठलं होतं. सगळं मिळून अर्धं मिनिट. आज त्या पहिल्यांदाच आत आल्या.

खोली लहान, पण नीटनेटकी. खुंटीवर विजार लटकत होती. ऐसपैस कमरेची, आणि ती आवळायला सुतळीचा तुकडा ओवलेला. पलंगाखाली काळे बूट. चामडं आरशासारखं चकचकीत, पण टाचेकडची बाजू पायाखाली तुडवून सपाट झालेली, जणू बूट नव्हेत, सपाता होत्या. कपाटावर बुटाच्या पॉलिशची डबी आणि ब्रश.

बाईंनी पिशवीतून नऊ नंबरची फाइल काढली. फोटोत दाढी आणि दोन डोळे, बाकी काही नाही. खाली नोंद होती: "सगळे कप्तान म्हणतात. रोज सकाळी बूट चमकवतो, मगच चहा घेतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम करतो."

"औषधं कुठं असतात?"

"खाली. कुलपात," दारातून काकू म्हणाल्या.

कपाट उघडलं. प्रत्येक खोलीचा कप्प्याकप्प्यांचा आठवड्याचा डबा. नऊ नंबरच्या डब्यात सोमवार आणि मंगळवार हे दोन कप्पे रिकामे, बाकी भरलेले. कप्प्याला चार गोळ्या. मागची पाकिटंही बाईंनी काढून पाहिली. एक गोळी इकडची तिकडं झालेली नव्हती.

म्हणजे काल त्या माणसाच्या पोटात चारच गोळ्या गेल्या होत्या. रोजच्या चार.

बाईंनी काकूंना समोर बसवलं. काकू घामाघूम झाल्या होत्या.

"तुम्ही इथं कधीपासून?"

"आठ दिवस झाले. इथल्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, त्यांच्या जागी बदलीवर."

"मावशी जाऊन किती दिवस झाले?"

"दहा. मधले दोन दिवस दादांनीच सांभाळलं म्हणे."

दादा म्हणजे संस्थेचा रस्त्यावरचा कार्यकर्ता. अकरा वर्षं पुलांखाली, गोदामांच्या मागं फिरून माणसं जोडणारा. या चाळीसपैकी बहुतेकांना त्यानंच इथवर आणलं होतं.

"काल रात्रीच्या गोळ्या कोणी दिल्या?"

"मी दिल्या, मॅडम. पण चारच. पाणी पिऊन गिळल्या त्यानं माझ्यासमोर."

"रोज तुम्हीच देता?"

"नऊ नंबरला नाही. दादा म्हणाले होते, तो नव्या माणसाला बिचकतो, त्याचं मी बघतो. जेवणाचं ताट तेवढं दाराशी ठेवायचं. ताट रिकामं यायचं. आठ दिवसांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं की आवाज ऐकला नव्हता. परवापासून मात्र खोकला ऐकू येत होता."

"मग काल तुम्ही का दिल्या?"

काकूंनी पदर बोटाला गुंडाळला. "सांगू का?"

"सांगा."

"तुम्हीच बोललात ना. निघताना तो तक्ता बघितलात, आणि नऊ नंबरच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणालात, इथं आजची खूण का नाही? दादा सरांबरोबर ऑफिसात गेले होते. म्हटलं, माझ्यामुळं या लोकांचं अनुदान अडायला नको. म्हणून मीच दिल्या आणि खूण केली."

बोट ठेवल्याचं बाईंना आठवत होतं. अशी बोटं त्या दिवसातून वीस ठिकाणी ठेवत.

"गोळ्या देताना काही वेगळं वाटलं?"

"नाही... म्हणजे, त्यानं मला विचारलं, संडास कुठल्या बाजूला आहे. वर्षभर इथं राहणारा माणूस! मला वाटलं, डोकं पुन्हा फिरलं असेल बिचाऱ्याचं. जिन्यापलीकडं दाखवला, तर किती वेळा आभार मानले त्यानं."

सर दहा वाजता आले. इस्त्रीचा सदरा, कपाळावर आठ्या.

"सर, पाहुण्यांसमोर सगळे शांत राहिले पाहिजेत, असं तुम्ही कर्मचाऱ्यांना सांगितलं होतंत?"

"कोण म्हणालं?"

"स्वयंपाकघरात लिहून लावलंय. तुमच्या सहीनं."

सरांचा चेहरा उतरला. "शांत म्हणजे... रेडिओसारखी बडबड नको, एवढंच. कुणाला झोपेचं औषध द्या असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. मॅडम, एक जरी कमी भरला असता तर बाकीची पस्तीस माणसं रस्त्यावर आली असती. मला दोन महिने झोप नाही."

"नऊ नंबरच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटलात?"

"कप्तानला? वर्षात... हे बघा, माझं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. निधीच्या मागं पळायचं की खोल्या फिरायच्या? यादीवरून सगळ्यांना ओळखतो मी."

"यादीवरून," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याही यादीवरूनच ओळखत होत्या.

संस्थेचे मनोविकारतज्ज्ञ परगावी होते. ते फोनवर सापडले.

"चार गोळ्यांनी कप्तान बेशुद्ध? शक्य नाही. वर्षभर रोज तेवढ्याच घेतोय. त्यानं उलट अंग धरलंय, बारा-चौदा किलो वाढलाय. या गोळीनं भूक फार लागते."

"आणि दुसऱ्या कुणी घेतल्या तर?"

"पहिल्यांदा घेणाऱ्यानं? बाई, ही गोळी पावापासून सुरू करतात. पाव, मग अर्धी, असं महिनाभर चढवत नेतात. एकदम चार दिल्या तर माणूस आडवाच होईल. दोन दिवस खंड पडला तरी आम्ही पुन्हा पावापासून धरतो. खंड पडला होता का?"

बाईंनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. नऊ नंबरच्या रकान्यात महिनाभराच्या खुणा, एकही दिवस सुटलेला नाही. शेवटची, कालची, काकूंच्या हाताची. तिच्याआधीच्या आठवड्याभराच्या सगळ्या एकाच हाताच्या, एकाच निळ्या शाईच्या.

"तक्त्यावर तरी नाही," त्या म्हणाल्या.

जाता जाता त्या आठ नंबरच्या दाराशी थांबल्या. तिथं राहणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे रेडिओ म्हणत. जाग असेपर्यंत त्याचं बोलणं चालू असे. काल बाई समोर आल्यावर तो काहीतरी म्हणाला होता, आणि त्यांनी हसून मान डोलावली होती. त्या काय ऐकून हसल्या होत्या, हेच आता आठवेना.

"आजोबा, काल मला काय सांगत होतात?"

म्हातारा हरखला. त्याला दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. "बातम्या सांगत होतो. मावशी रजेवर. काकू बदलीवर. कप्तान रजेवर. कप्तानही बदलीवर. पाणीपुरवठा सुरळीत."

"कप्तान कधी गेला?"

"मावशींच्या दुसऱ्या दिवशी. मावशींना आणायला निघाला. मी दादाला सांगितलं. तुम्हालाही सांगितलं. ऐकणारे सगळे मान डोलावतात, बाई. यंत्रात बिघाड नाही, ऐकणाऱ्यांत आहे."

सरांना आणि हवालदाराला गाडीत बसवून बाई दवाखान्यात निघाल्या.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर दादा बसला होता. डोळे तांबारलेले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. काचेपलीकडं नळ्यांमध्ये तो दाढीवाला माणूस. चादरीखालचं शरीर काडीएवढं दिसत होतं.

नर्सबाई बाहेर आल्या. "धोका टळतोय बहुतेक. वेळेवर कळलं म्हणून. या दादांनी सांगितलं नसतं तर आम्ही भलतीकडंच शोधत बसलो असतो."

"काय सांगितलं यांनी?" बाईंनी विचारलं.

"आल्याआल्या म्हणाले, गोळीचं नाव हे, चार घेतल्यात, पण यानं ही गोळी जन्मात पहिल्यांदा घेतलीय असंच धरून उपचार करा. त्या हिशेबानंच आम्ही धावपळ केली. सकाळपासून उशाशीच बसले होते. काका, डोळे उघडा, काका, असं सारखं चाललेलं."

नर्सबाई आत गेल्या. बाई दादाच्या शेजारी बसल्या. सर आणि हवालदार समोर उभे राहिले.

"दादा, तुम्ही कप्तानला काय म्हणून हाक मारता?"

"कप्तान."

"किती वर्षं?"

"दहा." दादानं मान वर केली नाही.

"मग हे काका कोण?"

दादा काचेपलीकडं बघू लागला.

"मी सांगते. चुकलं तर थांबवा." बाईंचा आवाज खाली होता. "काल गोळ्या बरोबर दिल्या गेल्या. मोजून चार, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत. फक्त माणूस चुकला. वर्षभर ही गोळी घेणारा त्यानं पडत नाही, पहिल्यांदा घेणारा पडतो. खंड पडला असेल असं मला आधी वाटलं. पण खुंटीवरची विजार पोट सुटलेल्या माणसाची होती आणि ती सुतळीनं आवळावी लागत होती. चौदा किलो एका आठवड्यात उतरत नाहीत. बूट रोज चमकवणारा माणूस ते टाचेनं तुडवत नाही. ज्याला ते लहान होतात तो तुडवतो. वर्षभर राहिलेला माणूस संडास कुठं म्हणून विचारत नाही. आठ दिवस त्या खोलीतून आवाज नव्हता, कारण खोलीत कोणीच नव्हतं. खोकला परवापासून सुरू झाला. परवाच हा माणूस तिथं आला."

सरांनी काचेतून आत पाहिलं. "म्हणजे हा कप्तान नाही?"

"नाही. कप्तान नऊ दिवसांपूर्वी निघून गेला. तो गेल्यावर पस्तीसच उरले. तुम्हाला माणूस बदलायचा झाला तरी आधी खोलीत कोण आहे हे ठाऊक पाहिजे, सर, आणि ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. काकूंनी खरा कप्तान कधी पाहिलाच नव्हता. मधले दोन दिवस किल्ल्या दादांकडं होत्या. जेवणाचं ताट रिकामं तेच करत होते, तक्त्यावर खुणाही तेच करत होते. आणि आज सकाळी, सगळे म्हणत होते कप्तानला झालंय तरी काय, तेव्हा एकच माणूस डॉक्टरांना सांगत होता की यानं ही गोळी कधी घेतलेलीच नाही. ते फक्त त्याला इथं आणणाऱ्यालाच माहीत असणार."

हवालदारानं दादाकडं वळून पाहिलं.

"गप्प राहिला असतात तर कदाचित कधीच सापडला नसतात," बाई म्हणाल्या.

"गप्प राहिलो असतो तर काका गेले असते." दादानं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "गोळ्या त्यांना द्यायच्याच नव्हत्या मला. रोजच्या चार मी खिशात टाकून नाल्यात फेकायचो. काल ऑफिसातून सुटायला उशीर झाला. परत आलो तर काका झोपलेले. गाढ झोपलेत म्हणून मला बरं वाटलं, मॅडम. किती दिवसांनी गादी मिळाली बिचाऱ्याला, असं म्हणून मी दार लोटलं आणि घरी गेलो. काकूंना विचारलंसुद्धा नाही."

"ताटातलं जेवण?"

"पुलाखाली काकांनाच नेऊन देत होतो. त्यांच्यासाठी दोनदा अर्ज केला होता मी. थंडी होती, ते खोकत होते. दोन्ही वेळा तुमच्या सहीचं उत्तर आलं, प्रवेश बंद. आणि इथं कप्तानचा पलंग रिकामा. मला वाटलं, एका दिवसाचं तर काम आहे. पस्तीस वाचतात, छत्तिसाव्यालाही छप्पर मिळतं. कप्तान सापडला की सगळं जागच्या जागी येईल."

"कप्तानला शोधलंत?"

"रोज. सगळे पूल, बसथांबे, गोदामं."

"पोलिसांत?"

दादानं मान हलवली. "कसा जाणार? कागदावर तो खोलीत होता."

"दवाखान्यात?"

"पहिले दोन दिवस आलो होतो. तेव्हा नव्हता. नंतर नाव सांगून विचारायची सोय राहिली नाही. इथून कोणी संस्थेत फोन केला असता तर..." त्यानं वाक्य अर्धवट सोडलं.

हवालदारानं सकाळपासून मिटलेली वही उघडली. "वर्णन सांगा त्याचं. नीट सांगा."

दादानं सांगितलं. उंची, पोट, उजव्या भुवईवरचा व्रण, गाड्यांना सलाम. हवालदार बाजूला जाऊन दोन ठिकाणी फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याची चाल बदलली होती.

"वरच्या मजल्यावर आहे."

"कुठल्या?"

"याच दवाखान्याच्या. बेवारस म्हणून. सहा दिवसांपूर्वी बसथांब्याजवळ गाडीनं उडवलं."

चौघेही जिन्यानंच वर गेले.

शेवटची खाट. मांडीपासून पायाला प्लास्टर. दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. उजव्या भुवईवर व्रण. कप्तान छताकडं बघत ओठ हलवत होता. दादा जवळ वाकला तशी त्यानं भीतीनं मान फिरवली आणि ओरडायला लागला. दहा वर्षांच्या ओळखीचा माणूस त्याला ओळखू येत नव्हता. नऊ दिवस त्याच्या पोटात एकही गोळी नव्हती.

"हा काही सांगतच नव्हता," तिथल्या समाजसेविका म्हणाल्या. "आम्ही गावातल्या सगळ्या निवाऱ्यांना फोन केले. तुमच्याकडंही केला, पाच दिवसांपूर्वी. तुमचं कोणी हरवलंय का, विचारलं. एका बाईंनी यादी बघून सांगितलं, आमचे सगळे आहेत."

दादा खाली बसला. तिथं बाक नव्हता. तो फरशीवरच बसला आणि रडू लागला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, आणि तसाच मागं घेतला.

चार वाजता मंडळाची बैठक सुरू झाली. बाई दवाखान्याच्या आवारातूनच बोलल्या. तयार अहवाल त्यांनी वाचला नाही.

"माणसं पस्तीस आहेत. काल मी छत्तीस मोजली, ती चूक माझी. एक माणूस हरवला होता आणि शेजारच्या खोलीतल्यानं मला ते तोंडावर सांगितलं, ते मी ऐकलं नाही. एका माणसाला विष ठरावी अशी गोळी दिली गेली, ती मी रकान्यावर बोट ठेवलं म्हणून दिली गेली. हरवला असं सांगितलं तर पस्तीस जणांचं छप्पर जातं, अशी अट मी लिहिली. दादांनी केलं तो गुन्हा आहे, आणि त्याची नोंद पोलिसांत झालीय. माझी नोंद तुम्ही करा."

"बाई, तुम्ही स्वतःला उगाच मध्ये आणताय," अध्यक्ष म्हणाले.

"मी मध्येच आहे."

दीड तास वाद झाला. शेवटी ठरलं की तीन महिने निधी चालू ठेवायचा, ती अट तोवर बाजूला ठेवायची, चौकशी करायची, आणि या संस्थेची तपासणी यापुढं दुसऱ्या कुणाकडं द्यायची. दादाचा जबाब हवालदारानं तोवर लिहून घेतला होता. वकील मिळेपर्यंत तो ठाण्यातच राहणार होता. त्यानं फक्त काका शुद्धीवर आले का, एवढंच विचारलं. आले होते. पाणी मागितलं होतं.

सहाच्या सुमारास कप्तानची थोरली बहीण आली. कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करणारी, बोटाला सुईचे घट्टे, हातात जेवणाचा डबा. ती दर रविवारी फोन करायची. गेल्या रविवारी दादानं तिला सांगितलं होतं, झोपलाय, उठवत नाही.

भावाचे बांधलेले हात तिनं पाहिले. खाटेच्या कडेला बसून एका हाताची पट्टी सोडली, तो हात आपल्या हातात धरला आणि दुसऱ्या हातानं घास भरवायला लागली. दोन घास त्यानं थुंकले. तिसरा खाल्ला.

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. अट, मोजणी, बोट, रेडिओ. काही वगळलं नाही.

बहिणीनं मध्येच थांबवलं. "एवढे दिवस याला कोणी शोधलं का हो?"

"दादांनी. रोज शोधलं."

"त्यांनीच ना लपवलं?"

"हो. त्यांनीच."

"आणि बाकीच्यांनी?"

"नाही."

बहिणीनं भावाच्या ओठावरचं शीत पुसलं. "माफीबिफी मला नाही जमायची, बाई. खरं सांगते. चीड येतेय मला तुम्हा सगळ्यांची."

"यायलाच हवी."

"मला सात वाजता बस आहे. उद्या सकाळची पाळी चुकवली तर काम जाईल. हात बांधलेले असले की हा जेवत नाही. सोडायचे तर शेजारी कोणीतरी बसावं लागतं, असं इथल्या नर्सबाई म्हणतात. त्यांना माणूस नाही." तिनं डबा मांडीवरून उचलला. "तुम्ही बसाल?"

"किती दिवस?"

"किती दिवस लागतील ते मला तरी काय माहीत?"

बाईंना वाटलं होतं उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. तिकीट पर्समध्ये होतं.

"किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.

"सातला उठतो. घाई केली की थुंकतो. अर्धा चमचाच भरायचा."

तिनं चमचा पदराला पुसला आणि बाईंच्या हातात दिला.